उत्क्रांतितत्त्वाचे निरूपण : शब्द, दृष्टांत आणि सामान्य वाचक

शास्त्रीय सिद्धान्ताचा इतिहास लिहिताना त्याचा शोध कोणी लावला, त्याला पुरावे कोणते मिळाले आणि त्याला विरोध कोणी केला, या प्रश्नांचा विचार सामान्यतः केला जातो. तो सिद्धान्त ज्या शब्दांच्या द्वारे विद्वानांच्या वर्तुळाबाहेर पोहोचला, त्या शब्दांचा इतिहास मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः सामान्य वाचकाच्या वाट्याला सिद्धान्त कधीच येत नाही. त्याच्या वाट्याला येतात ते काही शब्द, एखादे चित्र आणि दोनचार दृष्टांत. त्यांवरूनच तो सिद्धान्ताचे रूप मनात उभे करतो. हे रूप मूळ सिद्धान्ताशी जुळले नाही, तर दोष वाचकाच्या बुद्धीला दिला जातो. तो दोष पुष्कळदा निरूपणाच्या भाषेत असतो. उत्क्रांतितत्त्वाच्या बाबतीत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्य कोणत्याही शास्त्रीय सिद्धान्ताच्या बाबतीत क्वचितच दिसेल. या तत्त्वाच्या निरूपणाची भाषा कशी घडली, तिने काय साधले व काय बिघडवले आणि मराठीत ते तत्त्व सांगताना त्या इतिहासापासून काय घेण्यासारखे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

चार्ल्स डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती छापल्या होत्या; दुसरी आवृत्ती जानेवारी १८६० मध्येच काढावी लागली. या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यात गणिती सूत्रे नाहीत, आकृती एकच आहे आणि भाषा कोणाही सुशिक्षित वाचकाला समजेल अशी आहे. न्यूटनचा ग्रंथ तज्ज्ञांनी वाचावयाचा आणि त्याचे सार इतरांनी लोकांस सांगावयाचे, अशी जी विभागणी पदार्थविज्ञानात रूढ झाली, ती येथे नव्हती. तज्ज्ञांचा ग्रंथ आणि लोकांचा ग्रंथ एकच होता. त्यामुळे डार्विनने योजलेली प्रत्येक संज्ञा एकाच वेळी दोन कचेऱ्यांत साक्ष देत होती.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची संज्ञा ‘नैसर्गिक निवड’ ही होय. ती डार्विनने पशुपालकांच्या व्यवहारातून घेतली. तो स्वतः कबुतरे पाळीत असे आणि लंडनमधील कबुतरबाजांच्या मंडळांत त्याची ऊठबस होती. उत्तम गाय, उत्तम मेंढी अथवा उत्तम कबुतर हवे असेल, तर इष्ट गुण असलेले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे काढून त्यांचीच पैदास करावयाची, ही पालकाची रीत इंग्लंडमधील शेतकऱ्याला पूर्ण परिचयाची होती. ग्रंथाचे पहिलेच प्रकरण या पाळीव प्राण्यांविषयी आहे. जे मनुष्य थोड्या पिढ्यांत हेतुपूर्वक करतो, ते निसर्गात अगणित पिढ्यांत आपोआप घडते, हा त्यातील युक्तिवाद. परिचितावरून अपरिचिताकडे जाण्याची निरूपणाची ही रीत अगदी शास्त्रशुद्ध होती, आणि तिचा परिणामही तसाच झाला.

परंतु दृष्टांताबरोबर दृष्टांतातील माणूसही आत आला. निवड म्हटली की निवडणारा आला. निवडणारा आला की त्याची इच्छा आणि त्याचा हेतूही आला. पशुपालकाच्या जागी निसर्गाला बसविल्यावर निसर्ग ही कोणी विचार करणारी शक्ती आहे असा समज वाचकाने करून घेतला, तर त्यात नवल ते काय? काही टीकाकारांनी याहूनही विचित्र आक्षेप घेतला. निवड प्राणी स्वतः करतात असे त्यांनी मानले आणि वनस्पतींना इच्छाशक्ती नसल्यामुळे त्यांना हे तत्त्व लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले. १८६१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विनला याचे उत्तर द्यावे लागले. अक्षरशः अर्थ घेतल्यास ही संज्ञा चुकीची आहे हे त्याने मान्य केले. पण रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्यांच्या ‘आवडी’विषयी बोलतात आणि गुरुत्वाकर्षण ग्रहांवर ‘राज्य करते’ असे म्हटले जाते, त्याला कोणी हरकत घेत नाही, असेही त्याने दाखवून दिले. बचाव योग्य होता. तथापि, त्याच्या मनात शंका होतीच. सप्टेंबर १८६० मध्ये चार्ल्स लायेल या भूवैज्ञानिकाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले होते की, पुन्हा नव्याने प्रारंभ करावयाचा असता, तर ‘निवड’ या शब्दाऐवजी ‘नैसर्गिक जतन’ अशा अर्थाचा शब्द त्याने योजला असता.

२

या शंकेला व्याकरणाचे रूप आले ते १८६६ साली. याच तत्त्वाचा स्वतंत्रपणे शोध लावणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस याने २ जुलै १८६६ रोजी डार्विनला एक दीर्घ पत्र लिहिले. ‘निवड’ या शब्दामुळे बुद्धिमान वाचकही कसे फसतात, याची उदाहरणे त्यात होती. निवडीच्या क्रियेला विचार आणि दिग्दर्शन आवश्यक असतात हे डार्विनला दिसले नाही, अशी टीका पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने केली होती, याकडे वॉलेसने विशेष लक्ष वेधले. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये जो शब्दप्रयोग रूढ केला होता, तो ‘सर्वाधिक योग्याचा टिकाव’ हा प्रयोग स्वीकारावा, अशी वॉलेसची सूचना होती. आपल्या प्रतीत ‘निवड’ हा शब्द खोडून त्या जागी हा प्रयोग त्याने स्वहस्ते लिहूनही ठेवला होता.

डार्विनचे ५ जुलैचे उत्तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. सूचना त्याला पटली. पण त्याने एक अडचण दाखविली. हा नवा प्रयोग क्रियापदाचा कर्ता म्हणून वापरता येत नाही. ‘निवड अमुक करते’, ‘निवडीने तमुक घडविले’, अशी वाक्यरचना करता येते. ‘योग्याचा टिकाव’ मात्र काही ‘करीत’ नाही. म्हणजे ज्या गुणामुळे जुना शब्द भ्रम उत्पन्न करीत होता, त्याच गुणामुळे तो लेखकाला सोयीचा होता! इंग्रजी वाक्याला कर्ता हवा. कर्ता म्हटला की तो करणारा झाला आणि करणारा झाला की त्याला मन चिकटले. ‘निवड’ ही संज्ञा आता सर्वत्र रूढ झाली आहे, कालांतराने तिचा अर्थ सुबोध होईल आणि आक्षेप क्षीण होत जातील, अशी आशाही डार्विनने व्यक्त केली. दोन संज्ञांपैकी कोणती राहील, ते आता ‘योग्याच्या टिकावा’वरच अवलंबून आहे, असा विनोदही त्याने केला आहे.

१८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तडजोड केली; चौथ्या प्रकरणाच्या शीर्षकात जुन्या संज्ञेला नवी जोडून दिली. त्यामुळे जुना भ्रम गेला नाही, नवा मात्र त्याच्या शेजारी येऊन बसला. ‘योग्य’ म्हणजे त्या त्या परिस्थितीस अनुरूप, एवढाच अर्थ अभिप्रेत होता. गुहेतील अंधारात डोळे नसलेला मासा योग्य आणि वादळी बेटावर उडता न येणारा कीटक योग्य. परंतु व्यवहारात योग्य म्हणजे श्रेष्ठ, लायक, बलवान. ‘टिकाव’ या शब्दाने आणखी एक गोष्ट झाकली गेली. प्रश्न केवळ जगण्याचा नव्हे, तर संतती मागे ठेवण्याचा आहे. शंभर वर्षे जगूनही निपुत्रिक राहिलेल्या प्राण्याचा या हिशेबात काहीच वाटा नाही. हे दोन्ही अर्थ निसटल्यावर जे उरले ते म्हणजे बलवंताने दुर्बलावर मात करावी ही निसर्गाची आज्ञा आहे, असे एक सूत्र. पुढील काळात वंशश्रेष्ठत्वाच्या आणि साम्राज्याच्या पुरस्कर्त्यांनी त्याचा कसा उपयोग केला, हे सर्वविदित आहे. एका शब्दाने हे सर्व घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या विचाराला शास्त्राचा वेष मिळाला तो या शब्दामुळे, यात संशय नाही.

‘उत्क्रांती’ या अर्थी आज सर्वत्र रूढ असलेला इंग्रजी शब्द पहिल्या आवृत्तीत नामरूपाने कोठेही नाही. त्याचे केवळ धातुसाधित रूप ग्रंथाचा अखेरचा शब्द म्हणून येते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ गुंडाळी उलगडणे असा आहे. गर्भात पूर्ण प्राणी सूक्ष्मरूपाने आधीच असतो आणि तो केवळ उलगडत जातो, अशा मताशी अठराव्या शतकात हा शब्द जोडला गेला होता. जे गुंडाळीत लिहिलेले असेल तेच उलगडल्यावर दिसणार. डार्विनच्या मते तर काहीच आधी लिहिलेले नव्हते. पुढे स्पेन्सरच्या लेखनामुळे शब्द रूढ झाला आणि डार्विननेही १८७१ च्या ‘मानवाचे अवतरण’ या ग्रंथात व १८७२ च्या ‘जातींच्या उगमा’च्या सहाव्या आवृत्तीत तो स्वीकारला.

३

शब्दांच्या या खटाटोपापेक्षा वेगळा मार्ग टॉमस हेन्री हक्स्लीने धरला. १८६२ च्या अखेरीस लंडनमधील जर्मिन स्ट्रीटवरील भूविज्ञान संग्रहालयात त्याने कामगारांपुढे सहा व्याख्याने दिली. ती लघुलिपीत उतरवून घेऊन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने विकली गेली. श्रोते कारागीर आणि मजूर. त्यांना शरीरशास्त्राचे ज्ञान नव्हते. हक्स्लीने त्यांना प्रथम सिद्धान्त सांगितला नाही. सिद्धान्त कसा तपासावा ते सांगितले. सकाळी उठून पाहावे तो दिवाणखान्यातील चहादाणी आणि चमचे नाहीसे झालेले, खिडकी उघडी, चौकटीवर मळक्या हाताचा ठसा आणि बाहेर खडीवर खिळ्यांच्या बुटाची खूण. चोर कोणी पाहिला नाही, तरी चोरी झाली असे घरधनी निश्चयाने म्हणतो. शास्त्रज्ञाची अनुमानपद्धती याहून निराळी नाही, एवढेच त्याला सांगावयाचे होते. इतकेच नव्हे, तर डार्विनच्या तत्त्वाला अजून कोणता पुरावा कमी पडतो, तेही त्याने त्या कामगारांपासून लपविले नाही. कृत्रिम निवडीने परस्परांशी संकर न होणाऱ्या दोन जाती अद्याप कोणी निर्माण केलेल्या नाहीत, हे त्याने स्पष्ट सांगितले. श्रोत्याला अडाणी न मानता पंच मानणे, हे या व्याख्यानांचे खरे वैशिष्ट्य होय.

या वर्गाची जिज्ञासा उथळ नव्हती. लँकेशायरमधील कामगार पंधरा शिलिंगांची प्रत वर्गणी काढून विकत घेतात, असे डार्विनच्या कानावर आले होते. त्याने प्रकाशकाकडे स्वस्त आवृत्तीचा आग्रह धरला आणि १८७२ ची सहावी आवृत्ती बारीक टाइपात साडेसात शिलिंगांना निघाली.

परंतु शब्दांच्या बाबतीत इतका सावध असलेला हक्स्ली चित्राच्या बाबतीत फसला. १८६३ मधील त्याच्या ‘निसर्गातील मानवाचे स्थान’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे वॉटरहाउस हॉकिन्सने काढलेले एक चित्र आहे. त्यात गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला आणि मनुष्य यांचे सांगाडे एकामागून एक, एकाच दिशेने चालल्यासारखे उभे आहेत. हेतू केवळ शरीररचनेची तुलना दाखविण्याचा होता. गिबनचा सांगाडा तर मूळच्या दुप्पट आकाराने काढला आहे. तरीही पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ती मिरवणूक, म्हणजे एकातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा. १९६५ साली रूडॉल्फ झालिंगरने ‘आदिमानव’ या लोकप्रिय ग्रंथासाठी काढलेल्या चित्राने हीच रांग जगभर पोहोचविली. डार्विनच्या ग्रंथातील एकमेव आकृती मात्र रांगेची नाही; ती फाटे फुटत जाणाऱ्या शाखांची आहे. शिडी आणि झाड यांतील हा भेद विसरला गेला, म्हणूनच ‘माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून शिल्लक कशी?’ हा प्रश्न आजही विचारला जातो.

४

परभाषांत गेल्यावर या शब्दांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पहिला जर्मन अनुवाद १८६० साली हाइन्रिख गेओर्ग ब्रोन या पुराजीवशास्त्रज्ञाने केला. ‘निवडी’साठी त्याने योजलेल्या शब्दाचा अर्थ ‘पैदास’ असा होतो. म्हणजे पालकाची सावली अधिकच गडद झाली. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘अनुकूलता लाभलेल्या’ या विशेषणाच्या जागी त्याने ‘पूर्णत्वास पोहोचलेल्या’ अशा अर्थाचे विशेषण घातले. शिवाय मनुष्याच्या उगमावर प्रकाश पडेल हे डार्विनचे सूचक वाक्य वगळले आणि स्वतःच्या आक्षेपांचे एक प्रकरण शेवटी जोडले. १८६२ मध्ये क्लेमाँस रोयेर या विदुषीने फ्रेंच अनुवाद केला. तिने उपशीर्षकात ‘सजीवांतील प्रगतीचे नियम’ असे शब्द घातले आणि धर्मसंस्थेवर प्रखर टीका करणारी दीर्घ प्रस्तावना लिहिली. पूर्णत्व आणि प्रगती या दोन्ही कल्पना मूळ सिद्धान्तात अनुस्यूत नव्हत्या; त्या अनुवादकांच्या काळाने पुरविल्या. अनुवाद हे तटस्थ वाहन नव्हे, हे येथे उघड दिसते.

५

मराठीचा अनुभव यापेक्षा निराळा नाही, मात्र त्याला स्वतःचा रंग आहे. ‘उत्क्रांती’ हा शब्द संस्कृतातून आला. वेदान्तशास्त्रात त्याचा अर्थ प्राणाने अथवा जीवाने देह सोडून जाणे असा आहे. ब्रह्मसूत्रांत तो याच अर्थी येतो. जीवसृष्टीच्या दीर्घ इतिहासाला हा शब्द लावल्यावर तो जुना अर्थ लोपला, पण ‘उद्’ या उपसर्गाने सुचविलेली ऊर्ध्वगती टिकली. उत्क्रांती म्हणजे वर चढणे. मग प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून श्रेष्ठ असलीच पाहिजे! ‘विकास’ या शब्दात कळी उमलण्याचे चित्र आहे. म्हणजे जे आत होते तेच बाहेर आले, अर्थात लॅटिन धातूतील उलगडणारी गुंडाळीच पुन्हा. मराठी विश्वकोशाने ‘क्रमविकास’ हा शब्द स्वीकारला. त्याने टप्प्याटप्प्याने होणारा बदल नीट सूचित होतो. तथापि कळी मात्र राहतेच. ‘सर्वाधिक योग्याचा टिकाव’ याचे मराठीकरण करताना तर ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण सहज तोंडी येते. म्हण खरी आहे, पण ती गावगाड्यातील अन्यायाविषयी आहे; ती जीवशास्त्राचा नियम नव्हे.

‘निवड’ हा शब्द अधिक सूक्ष्म विचारास पात्र आहे. मराठी घरात निवडले जातात ते तांदूळ. तेथे एकेक उत्तम दाणा उचलून घेतला जात नाही. खडे आणि गणंग वेचून टाकले जातात आणि जे उरते ते निवडलेले धान्य. निसर्गातील क्रियेला ही रीत पशुपालकाच्या निवडीपेक्षा जवळची आहे, कारण तेथेही पुष्कळसे काम वगळण्याचेच असते. मात्र निवडणारीचे डोळे आणि बोटे येथेही आहेतच. चाळणीचा दृष्टांत त्याहून निर्दोष. चाळणीला डोळे नसतात, हेतू नसतो; भोकापेक्षा मोठा दाणा वर राहतो, लहान खाली पडतो. अर्थात चाळणीवरील दाण्यांना पिलावळ होत नाही. सजीवांमध्ये वर राहिलेल्यांना संतती होते, त्या संततीत पुन्हा लहानमोठे भेद असतात आणि ती पुन्हा चाळली जाते. एवढी पुस्ती जोडली की दृष्टांत पुरा होतो.

डार्विनला इंग्रजीत जी व्याकरणाची अडचण आली, तिच्यावर मराठीजवळ एक सरळ उपाय आहे. ‘तगणे’, ‘टिकणे’, ‘उरणे’, ‘निभणे’ ही अकर्मक क्रियापदे मराठीत ठसठशीत आहेत. ‘दुष्काळात ज्यांची मुळे खोल होती ती झाडे तगली’ या वाक्यात कोणी कोणाला तगविले नाही. ‘निसर्गाने खोल मुळांच्या झाडांची निवड केली’ असे म्हटले, की लगेच निसर्गाला हात फुटतो. पारिभाषिक संज्ञा म्हणून ‘नैसर्गिक निवड’ राहील, राहावीही. परंतु तिचा उलगडा करताना वाक्य ‘तगण्या’च्या अंगाने रचले, तर लायेलला लिहिताना डार्विनच्या मनात असलेला ‘जतना’चा अर्थ मराठीत, त्यातील जतन करणारा वगळून, आपोआप उतरतो.

६

उत्क्रांतितत्त्वाच्या निरूपणाला सर्वांत उपकारक ठरलेला दृष्टांत मात्र पशुपालनातून नव्हे, तर भाषेच्या अभ्यासातून आला. भाषांचे वर्गीकरण वंशक्रमाने करणे हेच योग्य, हा विचार डार्विनने १८५९ मध्येच मांडला होता. लायेलने १८६३ च्या ‘मानवाची प्राचीनता’ या ग्रंथात भाषा व जाती यांच्या उगमाची तुलना करणारे एक संपूर्ण प्रकरण लिहिले. त्याच वर्षी येना येथील आउगुस्ट श्लायखर या भाषाशास्त्रज्ञाने आपला सहकारी प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याला उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. भाषाकुलांची वंशवृक्षात्मक मांडणी भाषाशास्त्रज्ञ डार्विनच्या आधीपासूनच करीत आहेत, असे त्याने त्यात दाखविले. उलट, भाषा हीच मनुष्य आणि पशू यांमधील अनुल्लंघ्य सीमा होय, असे म्हणणाऱ्या माक्स म्युल्लरचा या तत्त्वाच्या मानवापर्यंतच्या विस्ताराला विरोध होता. तरीही भाषेतील शब्द आणि रूपे यांमध्ये जगण्याची स्पर्धा चालते, हे त्यानेही मान्य केले आणि डार्विनने १८७१ मध्ये त्याच्या त्या मताचा आधार घेतला.

हा दृष्टांत मराठी वाचकाला घरचाच आहे. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. महाराष्ट्री प्राकृताचे अपभ्रंशाच्या द्वारे मराठीत रूपांतर होण्यास अनेक शतके लागली. या दीर्घ काळात आई एक भाषा बोलते आणि मूल दुसरी, असे कोणत्याही घरात कधी घडले नाही. प्रत्येक पिढीला आपण वाडवडिलांचीच भाषा बोलतो असे वाटत होते. तरीही शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी आणि गाथासप्तशती या एका भाषेतील नाहीत, हे कोणीही सांगेल. बदल कोणत्या दिवशी झाला, असे विचारणे निरर्थक आहे. तो प्रत्येक दिवशी होत होता. तसेच मराठी गुजरातीपासून झाली नाही, की गुजराती मराठीपासून झाली नाही. दोघींचे पूर्वज समान. म्हणून मराठी अस्तित्वात आली तरी गुजराती शिल्लक कशी, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

अवशिष्ट अवयवांचे स्पष्टीकरणही डार्विनने भाषेच्याच आधारे केले. शब्दाच्या लेखनात राहिलेले पण उच्चारात लोपलेले अक्षर निरुपयोगी असते. तरी ते शब्दाची व्युत्पत्ती सांगते, असे त्याने म्हटले आहे. १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांपूर्वी मराठीत ‘नांव’, ‘गांव’ असे लिहिले जात असे. तो अनुस्वार उच्चारात नव्हता; ‘नाम’ आणि ‘ग्राम’ या शब्दांतील मकाराची ती खूण होती. देवमाशाच्या शरीरात दडलेली मागील पायांची अस्थी हा असाच एक अनुच्चारित अनुस्वार होय.

दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. मराठीने फारसी, कानडी, पोर्तुगीज, इंग्रजी या भाषांतून शब्द घेतले. गाय घोड्यापासून शिंगे अथवा खूर घेत नाही. जीवाणूंमध्ये अशी देवघेव होते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. परंतु मोठ्या प्राण्यांत ती विरळा. भाषेतील बदलाला प्रतिष्ठा, राज्यसत्ता, अनुकरण ही कारणे असतात. आनुवंशिकतेची यंत्रणा निराळी आहे. ती डार्विनला ठाऊक नव्हती. मेंडेलचे १८६६ मधील संशोधन १९०० साली पुन्हा उजेडात आल्यानंतरच तिचा उलगडा होऊ लागला. झाड, क्रमशः बदल आणि मागे राहिलेल्या खुणा, या तीन गोष्टींपुरता भाषेचा दृष्टांत खरा आहे. त्यापुढे तो ताणू नये.

७

हा सर्व विचार केवळ शब्दांच्या काटेकोरपणासाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. ‘जंतू औषधाला सरावले’, ‘डास डीडीटीला सरावले’ असे मराठीत नेहमी म्हटले जाते. ‘सरावणे’ ही व्यक्तीची क्रिया आहे. रोज व्यायाम करणारा जसा सरावतो तसा तो एकच जंतू सरावतो, असे या वाक्यावरून वाटते. घडते ते अगदी निराळे. असंख्य जंतूंपैकी काहींच्या ठिकाणी औषधाला दाद न देण्याचा गुण औषधाची गाठ पडण्यापूर्वीच असतो; जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हीच गोष्ट लुरिया आणि डेल्ब्रूक यांनी १९४३ मधील प्रयोगाने दाखविली. औषधाने इतर मरतात, हे तगतात आणि पुढील सर्व संतती त्यांची होते. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली तो निर्मूलन कार्यक्रमात परिणत झाला. १९६० नंतरच्या दशकात रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत उतरली. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. त्याची कारणे अनेक होती. डीडीटीने न मरणाऱ्या डासांची वाढ हे त्यांपैकी एक. फवारणी करणारा आणि औषध घेणारा या दोघांनाही ‘सरावणे’ आणि ‘तगणे’ यांतील भेद कळणे, ही आरोग्याची बाब आहे.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथील एका संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे पूर्वजांनी सांगितले अथवा लिहिलेले नाही, हे त्यांचे कारण होते. प्राकृताची मराठी होतानाही कोणी पाहिले नाही. तरी तिच्या अस्तित्वाविषयी त्या सभागृहात कोणाला शंका नसेल. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या नव्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती हाच पहिला पाठ होता. उलट, २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि त्याविरुद्धच्या पत्रावर १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो शाळेत भेटणार नाही, असा या बदलाचा अर्थ झाला.

अशा विद्यार्थ्याला हे तत्त्व नियतकालिके, व्याख्याने आणि मराठी पुस्तके यांतूनच समजून घ्यावे लागते. तेथे त्याला शिडीचे चित्र, निवडणारा निसर्ग आणि कान पिळणारा बळी एवढेच मिळाले, तर तो हे तत्त्व नाकारील, अथवा स्वीकारूनही चुकीचेच स्वीकारील. या शब्दांची परीक्षा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. जीवशास्त्राच्या अध्यापकाने विषय पुरवावा आणि भाषेच्या अध्यापकाने क्रियापद तपासावे, अशी योजना विद्यापीठात सहज शक्य आहे. मराठीतील पारिभाषिक संज्ञांच्या याद्या अनेक झाल्या आहेत; संज्ञा ज्या वाक्यांतून समजावयाची, त्या वाक्यांचा अभ्यास मात्र अद्याप व्हावयाचा आहे.